अर्ध्यावर उठणारी भट्टी

हार्लन ब्रेकेच्या तळघरातली घर तापवायची गॅसची भट्टी पेटत नव्हती असं कोणी म्हटलं असतं, तर तो भट्टीवर अन्याय झाला असता. ती पेटायची. अगदी मनापासून पेटायची. आधी खाली कुठेतरी 'टिक' व्हायचं, मग धूर बाहेर काढणारा पंखा घोगऱ्या आवाजात सुरू व्हायचा, मग 'भप्प' करून निळ्या ज्वाळांची रांग उभी राहायची, आणि वर दिवाणखान्यात कांबळी गुंडाळून बसलेली माणसं एकमेकांकडे बघून म्हणायची, "आली एकदाची." एवढं म्हणून होतंय तोवर भट्टी उठून गेलेली असायची. पाहुण्याने दारात यावं, पायपुसण्याला बूट पुसावेत आणि 'नाही, बसत नाही' म्हणून पाठ फिरवावी, तसा सगळा प्रकार. थोड्या वेळाने पुन्हा टिक, पुन्हा भप्प, पुन्हा गच्छंती.

मिनेसोटाच्या पार वरच्या अंगाला, वेल्डा गावात, भर जानेवारीत ही चेष्टा परवडणारी नव्हती. त्या दिवसांत तिथे मोटारीलासुद्धा विजेची तार लावून, ऊब देऊन झोपवावं लागतं. हार्लनची मोटार त्या आठवड्यात हार्लनपेक्षा सुखात झोपत होती. ही गोष्ट त्याच्या लक्षात आली होती आणि ती त्याला लागलीही होती.

पण खरी काळजी त्याला स्वतःची नव्हती. वरच्या मजल्यावर, पूर्वेकडच्या खोलीत, सासूबाई होत्या.

बोर्गहिल्ड हे त्यांचं नाव. शहाऐंशीचं वय, ताठ कणा, आणि कौतुकाचा एकच शब्द: "बरं आहे." नवरा गेल्यावरही शेतावरच्या घरात त्या एकट्या राहत होत्या, पण गुडघ्यांनी शेतावरची कामं करायला नकार दिला, तेव्हा प्रश्न उभा राहिला. मुलगा कर्टिस अॅरिझोनात, वाळवंटात राहत होता. तो म्हणाला, "आईला माझ्याकडे पाठवा. इथे थंडी नाही, बर्फ नाही, घसरायची भीती नाही." मुलगी आर्डिस, म्हणजे हार्लनची बायको, काहीच म्हणाली नाही. पण रोज सकाळी नाश्त्याआधी बायबलचं एक पान वाचायचा तिचा नेम होता, आणि हल्ली वाचून झाल्यावरही ते पान मिटायला तिला वेळ लागत होता. हार्लनला ते दिसत होतं. आई एवढ्या लांब गेली, की पुढची भेट कोणत्या कारणाने होईल, हे दोघांनाही न बोलता कळत होतं.

शेवटी भावाबहिणीत ठरलं, की हा हिवाळा आईने वेल्डात काढून बघावा. तिचं नीट झालं तर प्रश्न मिटला. गारठून आजारी पडायची वेळ आली तर कर्टिस येऊन घेऊन जाईल. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझं काय. तुम्हाला सोयीचं असेल तसं."

म्हणून सासूबाई आल्या त्या दिवशी हार्लनने घरात उन्हाळाच आणला. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा, म्हणजे घरातली ऊब कमी-जास्त करायच्या काट्याचा, कारभार त्याच्याकडे होता, आणि एरवी तो त्या बाबतीत अतिशय कंजूष होता. पण त्या दिवशी त्याने काटा असा काही वर नेला, की खिडकीतल्या रोपाला वसंत आल्यासारखं वाटून एक नवं पान फुटलं. सासूबाईंच्या स्वागताला चर्चची मंडळी जमली होती. पास्टर इंग्रिडबाई होत्या, शेजारचा मिल्टन ऑप्साल होता, बायबल वाचनाच्या बायका होत्या. सगळे जाड लोकरीचे स्वेटर घालून आले होते आणि सगळे शिजत होते. पास्टरबाईंचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता. प्रत्येक जण रुमालाने मान टिपत म्हणत होता, "वा, किती उबदार वाटतंय." हार्लनची छाती फुगली. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "बरं आहे." त्या रात्री हार्लन फार समाधानाने झोपला.

दुसऱ्या दिवसापासून भट्टी अर्ध्यावर उठायला लागली.

वेल्डात कोणी कोणाला सरळ सल्ला देत नाही. सल्ला देणं म्हणजे समोरच्याला अडाणी म्हणणं, असं ते लोक मानतात. म्हणून आधी 'मला त्यातलं काही कळत नाही' असं म्हणून घ्यायचं आणि मग तासभर बोलायचं, अशी पद्धत आहे. मिल्टन ऑप्साल कुंपणापलीकडून बर्फ उपसता उपसता म्हणाला, "मला भट्टीतलं काही कळत नाही, हार्लन. पण फिल्टर तुंबला असेल."

"फिल्टर नवा आहे."

"असेल. मी काही म्हणत नाही."

'मी काही म्हणत नाही' याचा अर्थ वेल्डात 'तू चुकतोयस' असा होतो. हार्लनने नवा फिल्टर काढून त्याहून नवा घातला. भट्टी पेटली, पंखा फिरला, आणि भट्टी उठली.

"मग ती काडी असेल," मिल्टन म्हणाला. "ज्योत पेटली की नाही हे बघणारी एक काडी असते आत. तिच्यावर काजळी धरली की तिला ज्योत दिसत नाही. मग ती गॅस बंद करते. माणसाचं तसंच आहे म्हणा. मला काय कळतंय त्यातलं."

हार्लन तळघरात उतरला. भट्टीची पाठ उघडून, भिंगाच्या चष्म्यातून बघत, त्याने ती काडी शोधली. आर्डिस चर्चची चांदीची भांडी घासते तेवढ्या भक्तीने त्याने ती घासली. भक्ती जरा जास्त झाली आणि काडी मोडली. त्यामुळे एक दिवस भट्टी अर्ध्यावर उठली नाही, कारण ती बसलीच नाही. नवी काडी आणायला त्याला शेजारच्या मोठ्या गावात जावं लागलं. दुकानातला माणूस काडीकडे बघून म्हणाला, "हे घासून साफ होतं, बरं का. फक्त हळू घासावं लागतं." हार्लनने यावर मान हलवली. जन्मभर दुसऱ्यांची पार्सलं न मोडता पोचवलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

नव्या काडीने भट्टी पेटली आणि नेहमीसारखी उठली.

मग दंतवैद्य हॅलवोर्सन म्हणाले, की त्यांना यातलं काही कळत नाही, पण भट्टी घराच्या मानाने मोठी असेल. "लहान जबड्याला मोठी कवळी बसवली की असंच होतं, हार्लन." मग चर्चचा ऑर्गनवादक म्हणाला, की धूर जायची नळी बर्फाने बुजली असेल. म्हणून हार्लन घराच्या मागे फावडं घेऊन गेला, कमरेपर्यंत बर्फात रुतला, आणि मिल्टनने दोरी टाकून त्याला बाहेर काढलं. बाहेर काढताना मिल्टन काहीही म्हणाला नाही. त्याचं काही न म्हणणं हार्लनला सगळ्यात जास्त झोंबलं.

या काळात सासूबाई वरच्या खोलीत कोट घालून बसायच्या. हार्लन दारात उभा राहून विचारायचा, "आई, थंडी वाजत नाही ना?"

"नाही रे. बरं आहे."

"आणखी एखादं कांबळं देऊ?"

"कशाला त्रास घेतोस."

हे ऐकून तो जिना उतरायचा आणि खालच्या पायरीवर बसून राहायचा. सासूबाईंनी कसली मदत करते म्हटलं तर आर्डिस म्हणायची, "आई, तू बस." बटाटे सोलायला हात पुढे केला की, "आई, तू बस." त्या बसायच्या. बसून बसून त्यांच्याकडे बघणाऱ्यालाच दमायला व्हायचं.

शेवटी आर्डिस म्हणाली, "अरे, गॅस कंपनीलाच फोन कर ना. इतक्या लोकांना विचारलंस, एकदा त्यांनाही विचार."

हार्लनने फोन लावला. यंत्राने सांगितलं, की बिलासाठी अमुक दाबा, पत्ता बदलायचा असेल तर तमुक दाबा. भट्टी अर्ध्यावर उठत असेल तर काय दाबावं, हे त्यात नव्हतं. तो सगळी बटणं दाबून पुन्हा पहिल्या पायरीवर आला. तिथे यंत्र म्हणालं, "गॅसचा वास येत असेल, तर एक दाबा." एक दाबल्यावर जिवंत माणूस बोलतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण वास येत नसताना एक दाबणं म्हणजे खोटं बोलणं. हार्लन खोटं बोलायचा नाही. त्याने फोन हातात धरून या प्रश्नावर खूप विचार केला. मग त्याने असा मार्ग काढला, की एक दाबायचं आणि लागलीच खरं सांगायचं.

"नमस्कार," पलीकडून एक घाईतली बाई म्हणाली. "घरात कसला वेगळा वास येतोय का?"

आता दुर्दैव बघा. चर्चमध्ये शनिवारी माशांचं जेवण होतं. त्यासाठी आर्डिसने वाळवलेला मासा क्षाराच्या पाण्यात भिजत घातला होता. त्या माशाचा वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना तो वेगळा नाही असं शपथेवर म्हणता येणार नाही. हार्लन प्रामाणिकपणे म्हणाला, "वास तर येतोय, पण—"

"ताबडतोब घराबाहेर पडा," बाई म्हणाली. "दिव्याची बटणं दाबू नका. मदत निघाली आहे."

"अहो, मासा आहे तो."

पण फोन ठेवला गेला होता.

वेल्डाची फायर ब्रिगेड म्हणजे गावातलीच मंडळी. दंतवैद्य हॅलवोर्सन शिरस्त्राण घालून आले. ऑर्गनवादक नळी घेऊन आला. लाल दिवे फिरवत गाडी अंगणात शिरली आणि बर्फात रुतली. घरात शिरण्यापूर्वी सगळ्यांनी बूट पुसले. सासूबाईंना गोधडीत गुंडाळून, खुर्चीसकट उचलून, मिल्टनच्या घरी नेण्यात आलं. चार जण खुर्ची उचलून चालताहेत, वरून बर्फ पडतोय, आणि सासूबाई समोर बघत म्हणताहेत, "बरं आहे, बरं आहे." हार्लन त्या मिरवणुकीमागून टोपी हातात घेऊन चालत होता. टोपी हातात का घेतली, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

नेमका त्याच वेळी कर्टिसने आईच्या चौकशीसाठी फोन केला. घरी कोणी उचलेना, म्हणून त्याने मिल्टनला केला. मिल्टनही खोटं बोलणारा नव्हता. तो म्हणाला, "आई इथे आहेत. छान आहेत. काळजीचं काही नाही. फायर ब्रिगेड आलीय, एवढंच."

"मी रविवारी येतो," कर्टिस म्हणाला.

मासा सापडला. सगळ्यांनी माशाचं कौतुक केलं. पण गॅस कंपनीचा माणूस येऊन नळावर कुलूप लावून आणि त्याला लाल चिठ्ठी अडकवून गेला. ती चिठ्ठी गावच्या तपासनिसानेच काढायची, असा नियम होता. तपासनीस लॉयड तळ्यावर होता.

तळं म्हणजे गोठलेलं तळं. हिवाळ्यात वेल्डातले पुरुष त्यावर पत्र्याच्या टपऱ्या ओढत नेतात, बर्फाला भोक पाडतात आणि त्या भोकाकडे बघत बसतात. हार्लन बर्फावरून चालत लॉयडच्या टपरीपाशी गेला आणि दार वाजवलं. आत एक इवलीशी शेगडी मंदपणे जळत होती. ती मधेच उठत नव्हती. लॉयड सदऱ्याच्या बाह्या वर करून बसला होता. गोठलेल्या तळ्यावरची पत्र्याची टपरी आपल्या घरापेक्षा उबदार आहे, हे सत्य पचवायला हार्लनला थोडा वेळ लागला.

"ये, बस," लॉयड म्हणाला. "एक मासा लागला की निघू."

मासा लागेपर्यंत संध्याकाळ झाली. हार्लन त्याला 'लवकर चल' असं म्हणाला नाही. तसं कोणी म्हणत नाही. तो फक्त अधूनमधून म्हणत होता, "गार पडायला लागलंय बाहेर." आणि लॉयड म्हणत होता, "पडतं."

घरी येऊन लॉयडने कुलूप काढलं, नळ्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं आणि समाधानाने उठला. "गॅस कुठेही गळत नाही."

"पण भट्टी मधेच बंद होते, लॉयड. त्याचं काय?"

"ते माझ्या खात्यात येत नाही. ती बंद होत नसती, तर माझ्या खात्यात आलं असतं." मग त्याने भट्टीवर हात ठेवला आणि तो झटकन मागे घेतला. "तापतेय मात्र चांगली. आत कोंडमारा झाला की ती जीव वाचवायला स्वतःच बंद होते. मला त्यातलं काही कळत नाही म्हणा."

हार्लनने हे ऐकलं, पण ऐकून ठेवण्याएवढी जागा त्याच्या डोक्यात उरली नव्हती.

रविवारी सकाळी, चर्चला निघण्याआधी, आर्डिस आणि सासूबाई वर तयार होत होत्या. हार्लन दिवाणखान्यात एकटा होता. विमानतळावरून कर्टिस दुपारपर्यंत पोचणार होता. सगळे उपाय झाले होते. हार्लन हा तसा बसून प्रार्थना करणारा माणूस. त्याच्या चर्चमध्ये सगळे बाकावर नीट बसून, मान खाली घालून प्रार्थना करतात. उगाच कोणी गुडघे टेकत नाही. पण त्या सकाळी त्याने दोन्ही दारांकडे पाहिलं, पडदा ओढला, आणि सोफ्याच्या आड, गालिच्यावर गुडघे टेकले. पाय कुरकुरले. त्याने डोळे मिटले आणि पुटपुटला, "प्रभू, मी स्वतःसाठी मागत नाही. आर्डिससाठी मागतोय. आणि थोडं माझ्यासाठीही."

तळघरात टिक झालं. भप्प झालं. त्याचा डावा गुडघा गालिच्याच्या कडेला असलेल्या लोखंडी जाळीवर होता. भट्टीतली गरम हवा या जमिनीतल्या जाळ्यांमधूनच घरात यायची. वाऱ्याचा झोत गुडघ्याला लागायला हवा होता. काहीच लागलं नाही. त्याने डोळे उघडले, खाली वाकून जाळीचा खटका पाहिला. तो बंद होता. घट्ट बंद. कोणीतरी मुद्दाम सरकवल्यासारखा.

प्रार्थनेचं उत्तर इतक्या लवकर मिळायची हार्लनला सवय नव्हती. तो तसाच गुडघ्यांवर रांगत कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी गेला. तिच्याखालची जाळीही बंद. ती खुर्ची सासूबाईंची. आल्या दिवशी त्या तिथेच बसल्या होत्या.

हवेला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून आत कोंडमारा. कोंडमारा, म्हणून भट्टी तापते. तापते, म्हणून ती स्वतःला बंद करून घेते. हे सगळं त्याच्या ध्यानात आलं. आणि त्यापाठोपाठ दुसरा विचार आला, तो त्याला जमिनीवरून उठू देईना. सासूबाईंना इथे राहायचंच नाही. बोलता येत नाही, म्हणून त्यांनी हा मार्ग काढला. माझ्या घरात राहण्यापेक्षा त्यांना गारठून जाणं बरं वाटलं.

"हार्लन, गाडी सुरू आहे ना?" आर्डिसने जिन्यावरून विचारलं.

"सुरू आहे," तो म्हणाला आणि पँटचे गुडघे झाडत उठला.

प्रवचन कशावर होतं, हे त्याला त्या रविवारी आठवलं नाही. उपासनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते. तिथे कप हातात धरून तो उभा होता, तेव्हा पास्टर इंग्रिडबाईंनी हळूच विचारलं, "भट्टी कशी आहे?"

हार्लनच्या तोंडून निघून गेलं, "कोणीतरी जाळ्या बंद केल्या होत्या. सोफ्याजवळची, आणि कोपऱ्यातली."

आजूबाजूचे चमचे थांबले. पास्टरबाईंचा चेहरा पुन्हा त्या दिवसासारखा बिटाच्या रंगाचा झाला.

"सोफ्याजवळची मी केली," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "पायाने. फार उकडत होतं, हार्लन. तुम्ही इतक्या प्रेमाने ऊब केली होती. कसं सांगायचं, कळेना."

"खिडकीपाशी होती ती मी," बायबल वाचनातल्या एक बाई कपाकडे बघत म्हणाल्या.

"जेवणघरातली मी," दुसऱ्या म्हणाल्या. "आणि तिच्यापलीकडची डोरिसने केली असेल. ती आज आली नाही, पण करणार तीच."

हार्लनने हळूहळू मान वळवली. मिल्टन ऑप्साल केकच्या बशीकडे एकटक बघत होता.

"मिल्टन?"

"पुस्तकांच्या कपाटाजवळची," मिल्टन म्हणाला. "स्वेटरच्या आत घाम पाठीवरून ओघळत होता, काय सांगू."

"आणि नंतर इतके दिवस तू मला काड्या घासायला लावत होतास?"

"एका जाळीने काय होतंय, असं वाटलं. मला कुठे माहीत होतं, की सगळ्यांनीच. आणि नंतर उघडायला यायचं, तर आधी बंद केली होती हे सांगावं लागलं असतं."

ते सगळ्यांनाच पटलं. आर्डिस कॉफीची किटली घेऊन उभी होती. ती खाली ठेवून ती म्हणाली, "आपल्या झोपायच्या खोलीतली मी बंद केली, हार्लन. तुला सांगणारच होते."

आर्डिस कप धुवायला मागे थांबली. हार्लन सासूबाईंना घेऊन निघाला. धान्याच्या कोठारापाशी वळताना सासूबाई म्हणाल्या, "कोपऱ्यातली मी केली. आणि माझ्या खोलीतलीही. पहिल्या रात्री."

"आई, पण नंतर इतकी थंडी पडली. उघडली का नाहीत?"

"दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूंना किती वेळा हात लावायचा."

हार्लनने समोर बघत गाडी चालवली. निघून जायचं म्हणून त्यांनी ते केलं नव्हतं, हे कळून त्याला हलकं वाटायला हवं होतं. पण 'दुसऱ्याच्या घरातल्या' हे शब्द भट्टीच्या सगळ्या दुखण्यांपेक्षा जड होते. यावर काहीतरी बोलायला हवं, हे त्याला कळत होतं. त्याने घसा साफ केला. मग म्हणाला, "रस्ता बरा आहे आज."

"बरा आहे," सासूबाई म्हणाल्या.

घरी पोचल्या पोचल्या कोट न काढताच तो जाळ्यांच्या मागे लागला. सोफा ओढला, कपाट सरकवलं, आणि पोट टेकून जमिनीवर आडवा झाला. कपाटामागे काळोख होता, खटका गंजलेला होता, आणि टॉर्च धरायला हात उरत नव्हता. त्याला घाम फुटला आणि त्याचा संयम सुटला. पाहुणचार, मानपान, सगळं विसरून तो जमिनीवरून ओरडला, "आई, जरा इकडे या. नुसत्या बसू नका. हा टॉर्च धरा."

ओरडून झाल्यावर आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने कपाळ गालिच्यावर टेकवलं.

काठी टेकत पावलं आली. टॉर्च त्याच्या हातातून घेतला गेला. उजेड नेमका खटक्यावर पडला.

"तिकडे काय ढकलतोयस," वरून आवाज आला. "डावीकडे. अरे, डावीकडे. गाईच्या गोठ्याच्या खिडकीला अशीच कडी होती आमच्याकडे. आधी थोडी उचल, मग सरकव. सगळा जोर लावलास तर मोडेल. तुला मोडायची सवय आहे, असं आर्डिस सांगत होती."

त्याने उचलली आणि सरकवली. गरम हवेचा झोत त्याच्या तोंडावर आला, आणि त्याबरोबर कित्येक वर्षांची धूळ. तो शिंकत बसला. सासूबाई तोवर पुढच्या जाळीकडे निघाल्या होत्या. "चल. अजून जेवणघर आहे. आणि खुर्ची नीट उचल, ओढू नकोस. लाकडी जमीन आहे."

दुपारी कर्टिस आला, तेव्हा भट्टी चांगली स्थिरावून, मधेच न उठता जळत होती. कर्टिसच्या अंगावर वाळवंटातलं पातळ जाकीट होतं, पण ते त्याने दारातच काढलं. जेवणाच्या टेबलाशी बसून तो मान टिपत म्हणाला, "वा. छान उबदार आहे." आर्डिसने लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या बटाट्याच्या पोळ्या पुढे ठेवल्या आणि कॉफी ओतली. हार्लन आपल्या बशीकडे बघत होता.

"मंगळवारच्या विमानात तुझी जागा सांगून ठेवलीय, आई," कर्टिस म्हणाला. "तिथे तुला कशालाच हात लावावा लागणार नाही. सगळं आपोआप होतं. मग, सामान बांधायचं ना?"

सासूबाईंनी कॉफीचा एक घोट घेतला. कप खाली ठेवला.

"पाणचट आहे ही," त्या म्हणाल्या. "कालचीही पाणचट होती. उद्यापासून मीच करीन."

आर्डिसची किटली हवेतच थांबली. शहाऐंशी वर्षांत बोर्गहिल्डने कोणाच्या टेबलाशी बसून कॉफीला नाव ठेवल्याचं वेल्डात कोणी ऐकलं नव्हतं. कर्टिस कितीही वाळवंटात राहिला, तरी जन्मला याच गावात होता. त्याने आईकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने आणखी एक पोळी वाढून घेतली. आर्डिस किटली ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

"आणि हार्लन," सासूबाई म्हणाल्या, "काय उकाडा करून ठेवलायस रे. माणसं आहोत का पाव भाजायला ठेवलेत? कमी कर ते."

हार्लन इतक्या घाईने उठला की खुर्ची मागे पडली. तो भिंतीपाशी गेला आणि थर्मोस्टॅटचा काटा खाली आणला.

"अजून," सासूबाई म्हणाल्या.